मुगाबेने जुने कायदे का फाडले नाहीत

हेन्री ओलोंगा हे नाव ज्यांनी १९९८ चं शारजा टीव्हीवर बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. झिम्बाब्वेचा फास्ट बॉलर, लीग मॅचमध्ये त्याने सचिनला बाउन्सरवर काढलं आणि मग फायनलला सचिनने त्याला असा काही धुतला की आम्ही ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. पुढे कितीतरी वर्षं माझ्यासाठी ओलोंगा म्हणजे तेवढाच, सचिनच्या हातून मार खाल्लेला एक बॉलर. पण हाच माणूस १० फेब्रुवारी २००३ ला, वर्ल्ड कपमध्ये, हरारेत नामिबियाविरुद्धच्या मॅचला दंडावर काळी पट्टी बांधून मैदानात उतरला, सोबत अँडी फ्लॉवर, आणि मॅचच्या आधी दोघांनी पत्रकारांना एक निवेदन दिलं की आमच्या लाडक्या झिम्बाब्वेत लोकशाही मेली, आम्ही तिचा शोक पाळतोय. ज्या ग्राउंडवर हे झालं त्याच्या अगदी समोर राष्ट्राध्यक्षाचा बंगला, आणि क्रिकेट बोर्डाचा आश्रयदाता पण तोच राष्ट्राध्यक्ष, रॉबर्ट मुगाबे. ओलोंगा तेव्हा २६ वर्षांचा होता. त्या वर्ल्ड कपनंतर दोघंही झिम्बाब्वेकडून परत कधी खेळले नाहीत आणि ओलोंगाला तर जिवाच्या भीतीने देश सोडावा लागला.

आता हे वाचून वाटेल की मुगाबे म्हणजे कुणीतरी लष्करी गुंड, रणगाडे घेऊन सत्तेवर आलेला. तसं अजिबात नाही. हा माणूस शाळामास्तर होता. गोऱ्यांच्या राजवटीत दहा वर्षांवर जेलमध्ये होता, स्वातंत्र्यलढ्याचा नेता होता, रीतसर इलेक्शन जिंकून आला होता, आणि १९८९ चा आपला जवाहरलाल नेहरू पुरस्कारही त्याला मिळालाय. म्हणून त्याच्याबद्दल बोलताना लोक साधारण एकच गोष्ट सांगतात, की आधी चांगला होता, मग सत्ता डोक्यात गेली, म्हातारपणी बिघडला. मी पण बरीच वर्षं हेच मानत होतो. जसजसं वाचत गेलो तसतसं कळलं की ही गोष्ट अर्धवट आहे, आणि जी अर्धी गळते तीच महत्त्वाची आहे. ती सोपी करून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी थोडं मागे जाऊ. झिम्बाब्वेचं आधीचं नाव ऱ्होडेशिया, ब्रिटिशांची वसाहत. १९३० च्या कायद्याने जवळपास अर्धी जमीन मूठभर गोऱ्यांसाठी राखून ठेवली आणि काळ्या शेतकऱ्यांना उरलेल्या, बऱ्याच ठिकाणी निकस जमिनीवर ढकललं. १९६० च्या आसपास आफ्रिकेतले देश एकेक करून स्वतंत्र व्हायला लागले तेव्हा इथल्या गोऱ्यांना भीती वाटली की आता आपली पाळी, म्हणून ११ नोव्हेंबर १९६५ ला त्यांच्या पंतप्रधानाने, इयन स्मिथने, ब्रिटनलाच बाजूला सारून स्वतःच स्वातंत्र्य जाहीर केलं. म्हणजे स्वातंत्र्य गोऱ्यांचं, बहुसंख्य काळ्यांना त्यात खऱ्या अर्थाने मत नाही.

मुगाबे तेव्हा जेलमध्येच होता. जन्म १९२४ चा, कुटामा नावाच्या कॅथलिक मिशनच्या गावात. तो लहान असतानाच बाप घर सोडून गेला, पोरगा पुस्तकात डोकं घालून बसणारा, शिकून मास्तर झाला, घानामध्ये शिकवायला गेला, तिथे सॅली भेटली, लग्न झालं. १९६३ च्या शेवटी त्याला पकडलं तो १९७४ च्या शेवटी सुटला. जेलमध्ये बसून त्याने पोस्टाने लंडन युनिव्हर्सिटीच्या डिग्र्या घेतल्या, बाकीच्या कैद्यांना शिकवलं. त्याला एकच मुलगा होता तेव्हा, न्हामोद्झेन्यिका, या नावाचा अर्थच दुःख भोगणारा देश. १९६६ मध्ये तो तीन वर्षांचा मुलगा घानामध्ये तापाने गेला आणि सरकारने मुगाबेला अंत्यविधीला जायची परवानगी दिली नाही. पुढे त्याने जे केलं त्याची सफाई म्हणून मी हे सांगत नाहीये. पण खटला न चालवता माणसाला कोंडून ठेवणं म्हणजे काय असतं, हे त्याला जगातल्या कुठल्याही वकिलापेक्षा जास्त कळलेलं होतं. हे पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

सुटल्यावर तो शेजारच्या मोझांबिकमध्ये गेला आणि तिथून गनिमी युद्ध चाललं. दोन संघटना होत्या, एक मुगाबेची झानू, तिच्यात मुख्यतः शोना भाषा बोलणारे लोक, आणि दुसरी जोशुआ एन्कोमोची झापू, जिचा बालेकिल्ला पश्चिमेकडचा माताबेलेलँड, तिथले लोक एन्देबेले. झानूला चीनची मदत, झापूला रशियाची. दोघांचा शत्रू एक, पण एकमेकांवर विश्वास नाही.

या युद्धाचं एक अंग फारसं सांगितलं जात नाही. गनिमी सैनिक रात्री गावात यायचे, सगळ्या गावाला गोळा करायचे, रात्रभर गाणी, भाषणं, घोषणा चालायच्या, त्याला पुंग्वे म्हणायचे. त्यातून लोकांमध्ये खरंच जिद्द जागी झाली, पोरं निरोप पोचवायची, पोरी जेवण पोचवायच्या, जीव धोक्यात घालून. पण त्याच पुंग्वेमध्ये कुणावर तरी बोट दाखवलं जायचं की हा फितूर आहे, आणि त्याला सगळ्यांसमोर मारायचे, कधीकधी ठारच. पुरावा, साक्षीदार, काही नाही. युद्धात असं होतं, असं म्हणून आपण पुढे जातो, मी पण जायचो. पण विचार करा, एका अख्ख्या पक्षाची राजकारणाची शाळा ही आहे, वेगळं मत म्हणजे फितुरी आणि फितुरीला शिक्षा एकच. इलेक्शन आलं म्हणून ही सवय आपोआप जात नाही, ती मोडावी लागते, आणि ती मोडायचं काम कुणी केलंच नाही.

डिसेंबर १९७९ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये युद्ध थांबवून इलेक्शन घ्यायचा करार झाला, फेब्रुवारी १९८० मध्ये इलेक्शन झालं, काळ्यांच्या ८० जागांपैकी ५७ मुगाबेला, २० एन्कोमोला, आणि २० जागा गोऱ्यांसाठी वेगळ्या राखीव. १८ एप्रिल १९८० ला देश स्वतंत्र झाला, बॉब मार्लीने येऊन गाणी म्हटली. आणि मुगाबेने सगळ्या जगाला चकित केलं. म्हणाला की काल तुम्ही माझे शत्रू होता, आज मित्र आहात. गोऱ्यांच्या आर्मीचा प्रमुख जनरल पीटर वॉल्स, त्यालाच आर्मीच्या वर ठेवलं. शेतीमंत्री एक गोरा शेतकरी. इयन स्मिथला हातही लावला नाही, तो संसदेत येऊन बसत होता. शाळा काढल्या, प्राथमिक शिक्षण फुकट केलं, खेड्यात दवाखाने नेले, आणि झिम्बाब्वे आफ्रिकेतल्या सगळ्यात शिकलेल्या देशांपैकी एक झाला. हे सगळं खरं आहे, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण त्याच वेळी काय काय *जसंच्या तसं* राहिलं, तिकडे कुणी बघितलं नाही. मला सगळ्यात जास्त तेच खुपतं.

स्मिथने १९६५ ला आणीबाणी लावली होती, मुदत संपली की संसदेत ती वाढवून घ्यायची. आणीबाणी असली की सरकार कुणालाही खटल्याशिवाय आत ठेवू शकतं. आपल्याकडे १९७५ ची आणीबाणी २१ महिने चालली आणि अजून घराघरात तिच्या गोष्टी निघतात. झिम्बाब्वेत ती १९६५ पासून १९९० पर्यंत सलग २५ वर्षं होती, आणि त्यातली शेवटची दहा वर्षं मुगाबेची. ज्या कायद्याच्या जोरावर त्याला कोंडलं गेलं होतं तोच कायदा त्याचं सरकार दर सहा महिन्यांनी पुढे ढकलत राहिलं. १९६० चा कायदा-सुव्यवस्थेचा एक जुलमी कायदा होता, सभा, भाषणं, मोर्चे सगळं दाबायला केलेला, तो २००२ पर्यंत चालला आणि तेव्हाही गेला म्हणजे त्याच्या जागी तसाच नवीन आला. स्मिथच्या काळातली गुप्तचर संस्था, सीआयओ, तिचा गोरा प्रमुख केन फ्लॉवर, त्यालाही खुर्चीवर कायम ठेवलं. जगाने म्हटलं वा, काय मोठं मन. पण मोठं मन माणसांबाबत दाखवलं, आणि त्या आडून जुनी हत्यारं सगळी नीट जपून ठेवली गेली.

ती वापरायला दोन वर्षंही लागली नाहीत.

फेब्रुवारी १९८२ मध्ये झापूच्या मालकीच्या शेतांवर शस्त्रसाठे सापडले. युद्ध संपताना शस्त्रं दोन्ही बाजूंनी लपवली होती, कारण विश्वास नव्हता. मुगाबेने एन्कोमोला मंत्रिमंडळातून काढलं आणि म्हणाला की झापू म्हणजे घरात शिरलेला नाग आहे, आणि सापाचं डोकंच ठेचावं लागतं. लढ्यातले दोन मोठे सेनानी, डुमिसो डाबेंग्वा आणि लुकआउट मासुकू, यांच्यावर देशद्रोहाचा खटला चालला, कोर्टाने देशद्रोहातून निर्दोष सोडलं, आणि आणीबाणीच्या कायद्याखाली त्यांना लगेच पुन्हा आत टाकलं. मासुकू १९८६ ला सुटला तो मरायला टेकलेला, काही आठवड्यांत गेलाच. ज्याच्या मुलाच्या अंत्यविधीला त्याला जाऊ दिलं नव्हतं त्या माणसाने हे केलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं होतं.

दरम्यान आर्मीतून पळालेले झापूचे काही जुने सैनिक, फार तर काहीशे, माताबेलेलँडच्या जंगलात होते आणि त्यांनीही लोकांचे खून केले, दक्षिण आफ्रिकेचं गोरं सरकारही आगीत तेल ओतत होतं. म्हणजे सरकारपुढे प्रश्नच नव्हता असं नाही. पण सरकारने जे उत्तर काढलं ते त्या काहीशे बंदूकधाऱ्यांसाठी नव्हतंच. उत्तर कोरियाच्या लोकांकडून ट्रेनिंग दिलेली एक वेगळी फौज बनवली, पाचवी ब्रिगेड, लाल टोप्या, बहुतेक सगळे शोना बोलणारे, नेहमीच्या आर्मीच्या साखळीत नाही, थेट वरून हुकूम. तिचं नाव गुकुराहुंडी. शोनामध्ये याचा अर्थ, हंगामाच्या आधी येणारा पहिला पाऊस जो खळ्यावरचा भुसा वाहून नेतो. युद्धात १९७९ या वर्षालाच झानूने गुकुराहुंडीचं वर्ष म्हटलं होतं, तेव्हा भुसा म्हणजे गोऱ्यांची राजवट. आता भुसा म्हणजे एन्देबेले माणसं.

जानेवारी १९८३ पासून ही फौज गावागावात शिरली. लोकांना शाळेच्या पटांगणात, विहिरीपाशी गोळा करायचं, मारहाण करायची, माणसं निवडून सगळ्यांसमोर गोळ्या घालायच्या, मग त्यांच्याच नातेवाइकांना त्या ताज्या थडग्यांवर नाचायला लावायचं आणि झानूची गाणी शोनामध्ये म्हणायला लावायची. पुंग्वेच. तोच जमाव, तीच गाणी, तेच बोट दाखवणं, फक्त आता हे करणारं सरकार होतं, पगारी, गणवेशातलं. १९८४ मध्ये दक्षिण माताबेलेलँडमध्ये सलग तिसऱ्या वर्षी दुष्काळ होता, सुमारे चार लाख लोक सरकारी धान्यावर अवलंबून होते, आणि सरकारने दुकानं बंद केली, धान्याच्या गाड्या थांबवल्या, संचारबंदी लावली. दुष्काळात धान्य बंद करणं म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. भालाग्वे नावाच्या छावणीत हजारो लोकांना डांबलं होतं. एकूण किती मेले याचा नेहमी दिला जाणारा अंदाज २०,००० पर्यंतचा आहे. कॅथलिक चर्चच्या न्याय आणि शांतता आयोगाने गावोगाव जाऊन साक्षी गोळा केल्या, तो अहवाल १९९७ मध्ये आला, म्हणून आज आपल्याला हे एवढं तपशिलात माहीत आहे.

आणि जग काय करत होतं? १९८४ मध्ये, धान्य बंद केलं त्याच वर्षी, एडिंबरा युनिव्हर्सिटीने मुगाबेला मानद डॉक्टरेट दिली. १९८६ मध्ये अलिप्त राष्ट्रांची परिषद हरारेत भरली आणि राजीव गांधींनी अध्यक्षपद मुगाबेकडे सोपवलं. नेहरू पुरस्काराचं वर लिहिलंच. १९९४ ला ब्रिटनच्या राणीने नाइट ही मानद पदवी दिली. २००० नंतर गोऱ्यांच्या शेतांवर हल्ले झाले तेव्हा ही सगळी मंडळी जागी झाली, डॉक्टरेट २००७ ला काढून घेतली, पदवी २००८ ला. म्हणजे जो माणूस "बिघडला" असं म्हणतात तो १९८३ लाच तसा होता, फक्त मरणारे लोक जगाला दिसण्यासारखे नव्हते. मी हे रागानेच लिहितोय, कारण त्या यादीत आपलाही देश आहे.

१९८५ च्या इलेक्शनमध्ये एवढं सगळं सोसून माताबेलेलँडच्या लोकांनी तिथल्या सगळ्या १५ जागा एन्कोमोलाच दिल्या. काय धैर्य असेल त्या मतदारांचं. पण शेवटी एन्कोमो थकला, २२ डिसेंबर १९८७ ला सही करून झापू झानूत विलीन झाली, मारणं थांबलं, आणि मोठा असा विरोधी पक्ष उरला नाही. त्याच महिन्यात पंतप्रधानपद रद्द करून मुगाबे सर्वाधिकारी राष्ट्राध्यक्ष झाला. १९९० पासून संसदेतल्या १५० पैकी १२० निवडून येणार आणि बाकीचे ३०, काही थेट त्याने नेमलेले, काही त्याचे गव्हर्नर, काही पारंपरिक सरदार. म्हणजे विरोधकाने निम्म्या जागा जिंकल्या तरी सत्ता मिळत नाही. २००० मध्ये अगदी हेच झालं, झानूला ६२ आणि मॉर्गन त्स्वांगिराईच्या नव्या पक्षाला ५७, आणि सरकार आरामात मुगाबेचंच.

नव्वदच्या दशकाचं थोडक्यात सांगतो. १९९० च्या इलेक्शनला ग्वेरू शहरात पॅट्रिक कोंबायी या विरोधी उमेदवाराला गोळ्या घातल्या, तो वाचला, गोळ्या घालणाऱ्यांना कोर्टाने शिक्षा दिली आणि मुगाबेने माफी दिली. एवढ्याने खालपर्यंत मेसेज गेला. मग कर्ज, महागाई, संप. १९९७ मध्ये युद्धातल्या जुन्या सैनिकांनी पेन्शनसाठी आंदोलन केलं, तिजोरीत पैसा नसताना प्रत्येकाला ५०,००० झिम्बाब्वे डॉलर आणि वर दरमहा पेन्शन जाहीर केली, आणि १४ नोव्हेंबर १९९७ ला झिम्बाब्वेचा डॉलर एका दिवसात कोसळला.

जमिनीचा प्रश्न मात्र नीट समजून घ्या, कारण इथे लोक टोकाचं बोलतात. १९८० ला देशाच्या एकतृतीयांशाहून जास्त जमीन सुमारे ६,००० गोऱ्या शेतकऱ्यांकडे होती, आणि लंडनच्या करारात अट होती की पहिली दहा वर्षं जमीन घ्यायची तर विकणारा राजी पाहिजे. हा अन्याय खरा होता, कसेल त्याची जमीन म्हणणाऱ्या आपल्या लोकांना तो पटकन कळेल. पण दहा वर्षं १९९० ला संपली, नंतरही काम रखडतच राहिलं, आणि काही चांगल्या जमिनी मंत्री-अधिकाऱ्यांच्या नावावर गेल्या. मग फेब्रुवारी २००० मध्ये नव्या राज्यघटनेवर सार्वमत झालं, लोकांनी नाही म्हटलं, वीस वर्षांत मुगाबे पहिल्यांदा मतपेटीत हरला, आणि त्याच महिन्यात शेतांवर जमाव शिरायला लागले. वेळ बघा. शेतांवरचे लाखो काळे मजूर विरोधकांना मत देतील ही भीती होती, त्यांचीही घरंदारं गेली. पुढे हजारो छोट्या शेतकऱ्यांना खरंच जमीन मिळाली आणि काहींनी तंबाखू चांगला पिकवला, हेही खरं. कोर्टाने शेतांवरचे हे कब्जे बेकायदा ठरवले तर सरन्यायाधीश अँथनी गब्बे यांनाच २००१ मध्ये जायला भाग पाडलं. आणि घोषणा तीच जुनी, विरोध करणारा तो गोऱ्यांना फितूर.

पुढचं तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. १९८० ला त्यांचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरपेक्षा महाग होता, जानेवारी २००९ ला शंभर लाख कोटींची नोट निघाली, एकावर चौदा शून्यं. २००८ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या इलेक्शनच्या पहिल्या फेरीत मुगाबे त्स्वांगिराईच्या मागे पडला, निकाल महिनाभर दाबून ठेवला, दुसऱ्या फेरीआधी विरोधकांची डोकी फोडली, माणसं मारली, शेवटी त्स्वांगिराईने माघार घेतली. त्याच वर्षअखेरीला कॉलरा आला आणि चार हजारांवर लोक गेले, ज्या देशात याच माणसाने गावोगाव दवाखाने नेले होते त्या देशात.

नोव्हेंबर २०१७ ला त्याच्याच आर्मीने त्याला उतरवलं, तेव्हा वय ९३. हरारेत लोक रस्त्यावर नाचले, रणगाड्यांसोबत सेल्फी काढले. २०१९ मध्ये तो सिंगापूरच्या हॉस्पिटलमध्ये वारला आणि कुटामाला पुरला गेला. पण त्याच्या जागी जो आला तो एमर्सन म्नांगाग्वा, १९८३ मध्ये राज्य सुरक्षा मंत्री, म्हणजे सीआयओ ज्याच्या हाताखाली होती तो.

माताबेलेलँडमध्ये त्या काळात मारल्या गेलेल्या कितीतरी लोकांचा मृत्यूचा दाखला कधी निघालाच नाही. दाखला नाही म्हणून मुलांचे जन्मदाखले अडले, जन्मदाखला नाही म्हणून ओळखपत्र नाही, शाळेची परीक्षा नाही, आणि आता त्या मुलांच्या मुलांचं तेच चाललंय. भालाग्वेच्या छावणीच्या जागी तिथल्या काही कार्यकर्त्यांनी मेलेल्यांच्या आठवणीसाठी दगडी फलक बसवला. कुणीतरी तो फोडला. त्यांनी परत बसवला, परत फुटला, आणि त्यांनी परत बसवला.